तीन पिढ्या, एक गाडी आणि बायपासवरचा मॉल: इंदूरकरांसाठी दिवसभराचा बेत

इंदुरात मॉल म्हटलं की बरीच वर्षं एमजी रोडचं ट्रेझर आयलंड, नाहीतर एबी रोडवरचा मल्हार मेगा मॉल आणि सी ट्वेंटी-वन एवढंच डोळ्यांसमोर यायचं. तासा-दीड तासात फेरी आटपायची आणि चहाला माणूस घरी. डिसेंबर २०२२ मध्ये बायपासवर, एमआर-टेन रस्त्याच्या चौकाजवळ फिनिक्स सिटाडेल उघडला आणि हे गणित बदललं. सुमारे १० लाख चौरस फुटांचा पसारा, शहराच्या पार कडेला. तिथे ‘जाऊन येऊ’ म्हणून जाता येत नाही, दिवस काढावा लागतो. आमच्या भागात अजूनही त्याला ‘नवा मॉल’च म्हणतात.

तो बांधणारी फिनिक्स मिल्स ही कंपनी मुळात मुंबईच्या लोअर परळची कापड गिरणी, १९०५ सालची. हे कळलं की मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावलेल्या आमच्या जुन्या मंडळींना जरा गंमत वाटते. असो.

हा लेख अशा घरांसाठी आहे जिथे रामबागेतून किंवा सुदामानगरातून एकाच गाडीत आजी, आई-बाबा, दोन मुलं आणि दिवाळीच्या सुट्टीत आलेली पुण्याची आत्या, एवढे सगळे निघतात. एकट्या-दुकट्या तरुणाला सल्ला लागत नाही. त्याला भूक लागली तर तो खातो, पाय दुखले तर बसतो. कुटुंबाचं तसं नसतं. म्हणून माझा सगळा बेत एका गोष्टीवर उभा आहे: घरातला जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या पावलांनी दिवस आखायचा. आजी थकल्या की मुलं चिडचिड करतात, मुलं चिडली की आई घाईने काहीतरी घेऊन मोकळी होते, आणि मग ती घाईची खरेदीच महाग पडते.

आधी यादी, आणि यादीचे दोन भाग

मॉलमध्ये काय घ्यायचं आणि काय नाही, हे घरीच ठरवा. इंदूरसारख्या गावात तर हे फार सोपं आहे, कारण जुना बाजार अजून जिवंत आहे. साडी, ड्रेस मटेरियल घ्यायचं असेल तर सीतलामाता बाजार. ठोक कापड हवं असेल तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट. पितळेची समई, स्टीलचे डबे बर्तन बाजारात. पूजेचं सामान आणि सुका मेवा मारोठिया बाजारात, शाळेची पुस्तकं खजुरी बाजारात, मोबाइलची कव्हरं आणि असली फुटकळ इलेक्ट्रॉनिक वस्तू जेल रोडला. महेश्वरी किंवा चंदेरी साडीसाठी मॉलची पायरीसुद्धा चढू नका. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि ज्या गावात अहिल्याबाईंनी विणकर वसवले त्याच्या शेजारी राहून ब्रँडच्या दुकानात छापील ‘महेश्वरी स्टाइल’ घ्यायची हे मला तरी पटत नाही. तेवढं लांब जायचं नसेल तर राज्य सरकारचं मृगनयनी एम्पोरियम आहेच.

मग मॉलमध्ये काय? जिथे मापाचे बरेच आकार एका जागी बघावे लागतात ते: बूट, जीन्स, औपचारिक शर्ट-पँट, अंतर्वस्त्रं, मुलांचे स्पोर्ट्स शूज, चष्म्याच्या फ्रेम, प्रवासाच्या बॅगा. शिवाय अशा वस्तू, ज्या बदलून घ्यायची वेळ येऊ शकते. बाजारातला ओळखीचा दुकानदारही बदलून देतो, पण पुण्याच्या आत्याला आठ दिवसांनी पुण्यातल्या शाखेत शर्ट बदलून मिळेल का, याचं उत्तर साखळी दुकानातच ‘हो’ असू शकतं. विचारून घ्या मात्र. प्रत्येक ब्रँड दुसऱ्या शहरात बदलून देतोच असं नाही.

यादीत प्रत्येक माणसाच्या दोनच वस्तू ठेवा. बाकी सगळं बघण्यासाठी. बघायला पैसे पडत नाहीत.

वार आणि वेळ

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, एवढं तर सगळेच सांगतात. मी पुढचं सांगतो. मंगळवार ते गुरुवार, मॉल उघडतो त्या सुमारास, म्हणजे साधारण सकाळी ११ वाजता पोहोचा. त्या वेळी ट्रायल रूमसमोर रांग नसते, विक्रेते ताजे असतात, मापं शोधून आणायचा त्यांना कंटाळा नसतो. दुपारी चारनंतर कॉलेजची मुलं येतात, सहानंतर ऑफिस सुटलेली मंडळी. आपण पाचला निघायचं.

सेलचा हिशेब वेगळा. बहुतेक कपड्यांच्या ब्रँडचे मोसमअखेरचे सेल वर्षातून दोनदा लागतात: जूनच्या शेवटापासून जुलैभर आणि डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत. पहिल्या आठवड्यात सूट कमी पण सगळी मापं असतात. शेवटच्या आठवड्यात सूट भरपूर, पण शेल्फवर फक्त एक्स्ट्रा स्मॉल आणि थ्री एक्सएल उरतात. मधल्या अंगाच्या माणसाने पहिल्या आठवड्याच्या शेवटी जावं, हे माझं मत.

आणि इंदूरचं पंचांगही बघा. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असते, अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे निघतात. या दोन्ही दिवशी जुन्या शहरातले रस्ते बंद होतात. रामबागेतून किंवा मल्हारगंजातून निघणाऱ्यांना गाडी बाहेर काढता काढताच अर्धा दिवस जातो. तसंही त्या दिवशी झांकी सोडून मॉलला कोण जाणार!

आदल्या रात्री

पिशवीत काय भरायचं ते सांगतो, कारणं सांगत बसत नाही: दोन कापडी झोळे, पाण्याची बाटली, आजींची दुपारची औषधं, एक पातळ शाल (मे महिन्यातही, आतला एसी बाहेरच्या बेचाळीस अंशांचा सूड घेतो), मुलांचा एक जादा टीशर्ट, फोनचा चार्जर. लहान मुलाच्या खिशात आई-बाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. शाळकरी मुलाला नंबर पाठ करवून घ्या आणि रात्री झोपताना एकदा विचारा.

बूट घ्यायचे असतील तर ज्या प्रकारचे घ्यायचे त्यावर घालायचे मोजेही बरोबर न्या. ब्लाउजवर जुळणारं काही घ्यायचं असेल तर त्या साडीचा फोटो नको, ब्लाउजपीसची चिंधी न्या. फोनच्या पडद्यावर राणी रंग जांभळा दिसतो आणि जांभळा निळा.

जाणं आणि गाडी लावणं

सकाळी पोहे खाऊनच निघा. पातेल्याच्या वाफेवर ठेवलेले ते बडीशेपवाले पोहे, वर शेव, वर जीरावन मसाला, बाजूला जलेबी. साडेआठला एक प्लेट पोटात गेली की साडेबारापर्यंत कोणी ‘भूक लागली’ म्हणत नाही.

मध्य इंदुरातून विजयनगर, रेडिसन चौक आणि तिथून बायपासच्या दिशेने, हा सरळ रस्ता. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पण तिचा पहिला तुकडा गांधीनगर आणि सुपर कॉरिडॉरच्या बाजूचा, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाचा. बीआरटीएसची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका काढून टाकायला उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये परवानगी दिल्यापासून बसचे रस्तेही बदलत राहिले आहेत, तेव्हा बसने जाणाऱ्यांनी त्या दिवसाचा मार्ग निघण्यापूर्वी बघून घ्यावा. पाच-सहा जण असाल तर स्वतःची गाडी, नाहीतर मोठी कॅब. आजी बरोबर असतील तर रिक्षाने बायपास गाठू नका. ट्रकच्या धुळीत अर्धा जीव तिथेच जातो.

गाडी चालवणाऱ्याला एक सूचना. बायपासला दोन्ही अंगांनी सर्व्हिस रोड आहेत. मॉलच्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर वेळेत उतरला नाहीत तर मुख्य रस्त्यावरून पुढचा कट येईपर्यंत जावं लागतं आणि वळून परत यावं लागतं. म्हणून एमआर-टेनचा चौक जवळ आला की डावी लेन धरा. चुकून पुढे गेलात तर निमूटपणे पुढे जा. सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या आधीच पुरेशा आहेत, त्यात आपली चारचाकी नको.

आधी प्रवेशद्वाराशी आजी, आई आणि मुलांना उतरवा, मग गाडी तळघरात न्या. खांबावरचा नंबर आणि जवळच्या लिफ्टचं नाव, दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. नुसता खांब पुरत नाही. संध्याकाळी चुकीच्या लिफ्टने खाली आलात तर बी-१२ कुठल्या बाजूला हे त्या फोटोतून कळत नाही. पार्किंगचं तिकीट पाकिटात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. पैसे कुठे भरायचे, बाहेर पडताना की वरच्या काउंटरवर, हे जातानाच विचारा. तळघरात फोनला रेंज मिळेलच असं नाही आणि यूपीआय गोल गोल फिरत बसतं. पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा खिशात असू द्या.

आत शिरल्यावर

पहिली दहा मिनिटं एकही दुकान बघायचं नाही. मदत कक्ष शोधा. तिथे व्हीलचेअरबद्दल विचारा. आजी ‘मला काय झालंय, मी चालते की’ म्हणणारच. तरी विचारून ठेवा, दुपारी तीनला त्या स्वतःच विचारतील. मग प्रसाधनगृह कुठे, लिफ्ट कुठे, बसायची बाकं कुठल्या मजल्यावर, हे तीन प्रश्न. आणि भेटायची जागा ठरवा. ‘कारंज्याजवळ’, ‘मोठ्या झाडाजवळ’ असं काहीतरी चालत नाही, कारण सणावारी सजावट बदलते. दुकानाचं नाव आणि मजला ठरवा. मुलांना सांगा: हरवलात तर शोधत फिरायचं नाही, जिथे आहात तिथेच थांबायचं आणि गणवेशातल्या सुरक्षारक्षकाला सांगायचं.

वरून खाली या. आधी लिफ्टने सगळ्यात वर जा आणि मजल्यामजल्याने उतरत या. पिशव्या हातात जमू लागतात तेव्हा आपण दारापासून दूर नाही, दाराच्या जवळ येत असतो. खालून वर गेलं की शेवटी सगळं ओझं घेऊन परत खाली यावं लागतं.

सरकत्या जिन्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण अपघात तिथेच होतात आणि सगळे तिथेच हसतात. आमच्या शेजारच्या आजी पहिल्यांदा सरकत्या जिन्यापाशी आल्या तेव्हा उजवं पाऊल पुढे, डावं मागे, पुढचं पाऊल सरकलेलं आणि मागून नातू ‘आजी, चला ना’ म्हणून ढकलतोय. तेवढ्यात सूनबाईंनी कोपर धरून मागे ओढलं म्हणून बरं. साडीतल्या किंवा नऊवारीतल्या बाईला जिन्यावर न्यायचंच असेल तर आधी पदर खोचून घ्यायचा, निऱ्या किंचित वर धरायच्या, दुसऱ्या हाताने सरकता कठडा पकडायचा आणि पायरीच्या पिवळ्या रेघांच्या मध्ये पाऊल टाकायचं. शेजारी नाही, एक पायरी खाली घरातलं माणूस उभं राहील; चढताना मागे तोल जातो, पुढे नाही. उतरताना उलट, माणूस समोर. मुलांच्या पायात रबरी मऊ चपला असतील तर बाजूच्या पत्र्याला पाय टेकू देऊ नका, त्या फटीत चपलेची कड ओढली जाते. प्रत्येक जिन्याच्या वर आणि खाली लाल बटण असतं. ते कुठे आहे हे एकदा मुलांना दाखवून ठेवा आणि खेळायला नाही हेही सांगा. बाबागाडी असेल तर प्रश्नच नाही, लिफ्ट.

लिफ्टला वेळ लागतो हे खरं. आजींबरोबर लिफ्टची वाट बघत उभं राहायला एकाने तयार असावं, बाकीच्यांनी पुढे जाऊन ‘आम्ही पोहोचलो’ म्हणून हात हलवू नये.

कपडे आणि बूट

दुकानातला पिवळा दिवा फसवा असतो. रंग बघायचा तर कपडा घेऊन विक्रेत्याला सांगून दुकानाच्या दाराशी या. वरच्या काचेतून दिवसाचा उजेड येत असेल तिथे बघा. ट्रायल रूममध्ये शर्ट घातला की हात वर करा, खाली बसा, मान वळवा. नुसतं आरशासमोर ताठ उभं राहून कुठलाही शर्ट बरा दिसतो. पँट लांब असेल तर दुकानात फुकट उंची कमी करून देतात का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी करून देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. शिवायला टाकून जेवायला जा, परत येताना घ्या.

आतल्या पट्टीवर कापड कशाचं हे लिहिलेलं असतं, ते वाचा. ‘कॉटन रिच’ लिहिलेल्या शर्टात निम्मं पॉलिएस्टर असू शकतं. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याचा काय उपयोग?

बूट दुपारनंतर घ्या. दिवसभर चालल्यावर पाऊल थोडं सुजतं आणि तेच खरं माप. दोन्ही पायांत घालून फरशीवर दहा पावलं चाला, गालिच्यावर नाही. ब्रिटिश आणि युरोपीय आकड्यांत घोळ होतो, म्हणून आकड्यावर न जाता अंगठ्यापुढे बोटभर जागा बघा. मुलांना एक नंबर मोठा ठीक, दोन नंबर नको, ठेच लागते.

काउंटरवर, बिलासमोर

सगळ्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं हीच. मागे रांग असली तरी बिल वाचूनच पैसे द्या.

एक उदाहरण घेऊ. शर्टावर कमाल किरकोळ किंमत ३,००० रुपये. पाटीवर ‘४० टक्के सूट’. म्हणजे १,८०० रुपये. कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात, म्हणून सूट दिल्यावर त्यावर पुन्हा जीएसटी ‘वेगळा’ लावणं चूक आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही याला अनुचित व्यापार प्रथा म्हटलं आहे. बिलात १,८०० च्या पोटातच कर दिसायला हवा: मूळ किंमत १,७१४ रुपये २९ पैसे आणि त्यावर ५ टक्के, म्हणजे ८५ रुपये ७१ पैसे, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका कपड्याची विक्रीची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १८ टक्के असा दर आहे. बुटांनाही तीच रेघ. ही रेघ सूट वजा केल्यावरच्या किमतीला लागते, लेबलावरच्या नाही.

‘५० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हे. शंभराचे पन्नास, पन्नासातून वीस टक्के म्हणजे दहा गेले, उरले चाळीस. सूट ६० टक्के. ‘दोनावर दोन मोफत’मध्ये बहुधा सगळ्यात स्वस्त दोन मोफत धरतात, म्हणून चारही वस्तू साधारण एका किमतीच्या निवडा. आणि चार नकोच असतील तर ती सूट आपली नव्हेच. ‘अमुक टक्क्यांपर्यंत’ या पाटीतला ‘पर्यंत’ हा बारीक अक्षरातला शब्द मोठ्याने वाचायची मुलांना सवय लावा. त्यांना मजा येते.

‘मोबाइल नंबर सांगा’ म्हटलं की आपण सवयीने सांगतो. तो देणं सक्तीचं नाही. नंबराशिवाय बिल होत नाही असं म्हणून अडवू नये, असं ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांच्या संघटनांना कळवलं आहे. पॉइंट जमवायचे असतील तर द्या, नाहीतर ‘नंबर नको, कागदी बिल द्या’ एवढं म्हणा. शांतपणे म्हटलं तर कोणी वाद घालत नाही.

पिशवीचे पैसे बिलात गुपचूप चढले असतील तर काढायला सांगा. पैसे लागणार हे खरेदीआधी न सांगता काउंटरवर पिशवी गळ्यात मारणं चूक, असा राष्ट्रीय आयोगाचा २०२० चा निकाल आहे. आपल्याकडे झोळे आहेतच. स्वच्छतेत नंबर काढणाऱ्या गावचे आपण, त्या झोळ्याचं अप्रूप विक्रेत्यालाही नसतं.

बिल थर्मल कागदावर असतं, दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडतात. तिथेच फोटो काढा. लेबल कापू नका, खोका टाकू नका.

जेवण

साडेबाराला फूड कोर्ट गाठा. दीड वाजता टेबल धरून उभं राहावं लागतं आणि आजींना कोणी उभं ठेवू नये. एकाने आधी टेबल पकडायचं, मग बाकीच्यांनी ऑर्डर द्यायची. काही फूड कोर्टात आधी पैसे भरून कार्ड घ्यावं लागतं. उरलेली रक्कम कधी आणि कुठे परत मिळते ते घेतानाच विचारा.

माझं स्पष्ट मत: मॉलमध्ये इंदुरी काही खाऊ नका. भुट्ट्याचा किस, खोपरा पॅटिस, गराडू हे सराफ्यात आणि छप्पन दुकानात. फूड कोर्टात डोसा, पास्ता, मुलांना हवं ते. आजींसाठी इडली किंवा दहीभात सगळीकडे मिळतो. बसून वाढणाऱ्या हॉटेलात गेलात तर बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ची ओळ शोधा. तो आपोआप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. काढायला सांगा, वेटर चांगला असेल तर ते पैसे त्याच्या हातात द्या.

उष्टं आणि कागद वेगवेगळ्या डब्यात, हे इंदूरकरांना सांगायला नको. पुण्याच्या पाहुण्यांना सांगा.

सिनेमा बघायचाच असेल तर

जेवणानंतरचा दुपारचा खेळ घ्या, आजींना तेवढीच तीन तास बैठक. काउंटरवर तिकीट घेतलं की ऑनलाइनचा सुविधा आकार वाचतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जागा मिळतेच. मागची रांग घ्या, पण आजींसाठी पायऱ्या कमी असलेली कडेची खुर्ची मागा.

बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही हा थिएटरवाल्यांचा अधिकार, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. त्याच निकालात प्यायचं पाणी फुकट मिळालं पाहिजे हेही आहे, आणि तान्ह्या बाळाचं खाणं आई-वडिलांना नेता येतं. तेव्हा पाण्याची बाटली विकत घेण्याआधी ‘पाण्याचा नळ कुठे?’ विचारा.

निघताना, आणि दुसऱ्या दिवशी

पाच वाजता निघालात तर सहाच्या आत घरी. कोणाच्या पायात अजून जोर उरला असेल तर त्यांनी रात्री सराफ्यात जावं. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं मांडली जातात, आणि ती मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. आजींना मात्र घरी सोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, सगळे कपडे पुन्हा एकदा घालून बघा. शिवण, चेन, बटणं तपासा. खोट निघाली तर त्याच आठवड्यात परत जा, बिलाचा फोटो आणि लेबल घेऊन. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापलेलं असलं तरी सदोष वस्तूच्या बाबतीत ते चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरते. मात्र ‘रंग आवडला नाही’ हा दोष नव्हे. तिथे दुकानाच्या नियमावरच चालावं लागतं, म्हणून तो नियम घेतानाच विचारायचा.

दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. मराठीतूनही बोलता येतं. बरेचदा तक्रार नोंदल्यावर कंपनीकडूनच फोन येतो. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे.